भाची 'स्ट्रक्चरल बायॉलॉजी'त पीएचडी करते म्हणते. हे लोक नेमकं करतात काय?

सांगलीचा_मामा

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचाच आहे.

माझी भाची बायोटेकमध्ये एमएस्सी झाली, जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप) निघालं, आणि एका चांगल्या संस्थेत पीएचडीला निवड झाली. विषय : क्षयाच्या जिवाणूतल्या कुठल्याशा प्रथिनाची रचना. दुसऱ्या हातात तारापूरच्या एका औषध कंपनीतली क्यूसीची, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायची, नोकरी. दाजी म्हणतात नोकरी घे, नाहीतर पस्तिशीपर्यंत शिकतच बसशील. ताई दोन्हीकडून बोलते. आणि मी 'नेटवर वाचतो' म्हणून मला मध्यस्थ नेमलंय. मी आयुष्यभर बँकेत कर्जाच्या फायली बघितल्या.

भाचीला विचारलं, तू करणार काय? म्हणाली, "मामा, रेणूंचे आकार शोधणार." आता आकार शोधून रोग कसा बरा होतो आणि पोट कसं भरतं, एवढं कोणी समजावलं तर उपकार होतील. रविवारी दाजींकडे जेवायला आहे. त्याच्या आत हवंय.

चौकातला_आप्पा

दाजींना माझं मत. जेआरएफ म्हणजे महिना ३७,००० आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. ऐकायला बरं वाटतं. माझ्या पुतण्याची फेलोशिप सात महिने अडकली होती, संस्थेचं नाव घेत नाही. सात महिने घरून पैसे पाठवत होतो. सव्विसाव्या वर्षी बापाकडे मेसचे पैसे मागायची पाळी आली पोरावर.

आणि आता तो एआय आलाय ना? प्रथिनांचे आकार कॉम्प्युटर बसल्या जागी काढतो म्हणे, २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल त्यालाच मिळालं. मग ही पोरगी सहा वर्षं घालवून काय काढणार?

लूपवाली

मामा, मी याच धंद्यात आहे, चौदा वर्षं झाली. आप्पांच्या एआयबद्दल कोणीतरी बोलेलच, मी आधी कामाबद्दल लिहिते.

जिवाणू असो की विषाणू, त्याची सगळी कामं प्रथिनं करतात. पेशीला चिकटणं, आत शिरणं, औषध पचवून टाकणं, सगळं. आणि प्रथिनाचं काम त्याच्या आकारावर ठरतं. कुलपाचा आतला खाचखळगा कळला तर किल्ली घडवता येते. एचआयव्हीच्या प्रोटीएज नावाच्या प्रथिनाचा आकार १९८९ मध्ये निघाला आणि त्याच्या खाचेत बसणारं पहिलं औषध, सॅक्विनाविर, डिसेंबर १९९५ मध्ये बाजारात आलं. त्या जातीची औषधं आल्यावर एड्स म्हणजे मरणच, हे समीकरण मोडलं.

आता हा आकार बघायचा कसा? साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, फार लहान पडतो. म्हणून प्रथिनाचे स्फटिक करायचे आणि त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे. किरण विखुरतात, त्यांच्या ठिपक्यांवरून गणिताने अणूंच्या जागा काढायच्या. ऐकायला सोपं.

खरं काम असं असतं. ९६ खळ्यांची प्लॅस्टिकची ताटली. प्रत्येक खळीत वेगळं द्रावण आणि शेजारी प्रथिनाचा थेंब, डोळ्यातल्या औषधाच्या थेंबाच्या पन्नासावा भागसुद्धा नसेल. अशा वीस-पंचवीस ताटल्या लावायच्या आणि वाट बघायची. रोज सकाळी ताटली सूक्ष्मदर्शकाखाली धरून एकेक थेंब बघायचा : स्वच्छ, स्वच्छ, गाळ, गाळ, स्वच्छ, केस पडलाय, गाळ. माझ्या पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी, गणपतीच्या सुट्टीवरून आले आणि डी-७ खळीत स्फटिक! धारदार कडा, हिऱ्यासारखा. पेढे वाटले हो मी लॅबमध्ये. गाईडनी त्याचा फोटो एका परिषदेतल्या भाषणात दाखवला. मग नायलॉनच्या इवल्याशा फासात तो उचलला (इंग्रजीत लूप, माझं नाव तिथूनच आलंय), द्रव नायट्रोजनमध्ये गोठवला, इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (जोरदार क्ष-किरण देणारं भलंमोठं यंत्र) घेऊन गेले. रात्री दोन वाजता पहिलं चित्र स्क्रीनवर आलं. मोजून पाच-सहा ठिपके, एकमेकांपासून लांब लांब.

प्रथिनाचा स्फटिक असता तर शेकडो ठिपके दाट आले असते. माझा स्फटिक मिठाचा होता. प्रथिन ज्या द्रावणात ठेवतात त्या बफरमधलं फॉस्फेट आणि ताटलीतलं कॅल्शियम यांनी संगनमत केलं होतं. परतीच्या गाडीत इंदूर ते पुणे मी कोणाशी बोलले नाही.

मामा, दाजींना हे आधी सांगा. हे लपवून पोरीची बाजू मांडू नका.

चौकातला_आप्पा

घ्या. आमच्याच बाजूची साक्षीदार निघाली.

दवाखाना_सकाळचा

मी बालरोगतज्ज्ञ. लूपवालीताईंचं पुढे येईलच, पण "आकाराने रोग कसा बरा होतो" याचं माझ्या ओपीडीतलं उदाहरण देतो.

पावसाळा लागला की माझ्याकडे दोन-तीन महिन्यांची बाळं येतात. आधी नुसती सर्दी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरगड्यांच्या खाली खड्डा पडेपर्यंत श्वास ओढतात, दूध ओढता येत नाही, दोन घोट प्यायलं की सोडून देतं. आई विचारते, "डॉक्टर, इंजेक्शन द्या ना." नसतं हो इंजेक्शन. आरएसव्ही नावाचा विषाणू आहे, त्याच्यावर औषध नाही. ऑक्सिजन, सलाईन किंवा नळीने दूध, आणि वाट बघणं. वर्षानुवर्षं एवढंच करत आलोय.

१९६६ मध्ये अमेरिकेत याची लस बाळांना देऊन पाहिली होती, फॉर्मॅलिनने मारलेला विषाणू. पुढच्या हंगामात आरएसव्ही आला तेव्हा लस घेतलेल्यांपैकी ज्यांना लागण झाली त्यातली ८० टक्के बाळं रुग्णालयात दाखल करावी लागली. लस न घेतलेल्यांत हेच प्रमाण ५ टक्के होतं. दोन बाळं गेली. लशीने रोग वाढवला. त्यानंतर कित्येक दशकं बाळांसाठी आरएसव्हीची लस करायला फारसं कोणी धजावत नव्हतं.

पोलिओला हीच पद्धत चालली, मग इथे का नाही? मी एमडी करत असताना सरांनी एका वाक्यात उडवलं होतं. उत्तर द्यायला तुमच्या जमातीतला माणूस लागला. ताई, तुम्हीच लिहा.

लूपवाली

डॉक्टर, तुम्ही माझा आवडता किस्सा माझ्याआधी सुरू केलात. लिहिते, थोडं लांबेल. आप्पांनी चहा घेऊन बसावं.

जेसन मॅक्लेलन. जन्म १९८१, पीएचडी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, नंतर २००८ च्या सुमारास एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत पीटर क्वाँग यांच्याकडे पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधकी). काम एचआयव्हीवरचं. पण क्वाँग यांच्या मजल्यावर जागाच नव्हती, म्हणून याला खालच्या मजल्यावर एक कोपरा मिळाला. शेजारी बार्नी ग्रॅहम, ज्यांनी कित्येक वर्षं आरएसव्हीचा पिच्छा पुरवला होता. टेबल मिळालं नाही म्हणून माणसाच्या करिअरची दिशा बदलली! एचआयव्हीत आधीच गर्दी आहे, आपण दुसरं काही धरू, असं म्हणून हा आरएसव्हीकडे वळला.

आता आकाराचं. आरएसव्हीच्या अंगावर 'एफ' नावाचं प्रथिन असतं. त्याचं काम विषाणूला पेशीला जोडून आत शिरवणं. मामा, उंदराचा सापळा ओढून अडकवलेला असतो ना, तसं हे प्रथिन ताणून बसलेलं असतं. पेशी भेटली की खट्कन सुटतं आणि लांबलचक होतं. एकदा सुटलं की सुटलं, पुन्हा ओढता येत नाही. आणि हा सापळा इतका नाजूक, की प्रथिन वेगळं काढून शुद्ध करायला गेलं की हातातच सुटतो. फॉर्मॅलिनच्या लशीतही तेच झालं होतं. बाळांच्या शरीराला आपण सुटलेला सापळा दाखवला, त्याविरुद्ध प्रतिपिंडं (विषाणूला चिकटणारी शरीराची प्रथिनं) तयार झाली, आणि खरा विषाणू आला तो ताणलेला सापळा घेऊन. प्रतिपिंडं चिकटली खरी, पण विषाणू अडेना. लस बिघडायला बाकीची कारणंही होती, पण एक मोठं कारण हे.

मॅक्लेलनला ताणलेल्या अवस्थेतलं एफ पकडायचं होतं. डी-२५ नावाचं एक मानवी प्रतिपिंड होतं, जे विषाणूला जोरदार अडवायचं पण सुटलेल्या एफला ओळखतच नव्हतं. म्हणजे ते ताणलेल्या रूपाला चिकटत असणार. मग डी-२५ ला एफवर बसवून दोघांचे मिळून स्फटिक केले. मे २०१३ मध्ये रचना छापून आली. डी-२५ प्रथिनाच्या अगदी माथ्यावर बसलं होतं, सुटल्यावर जो माथा मोडून नाहीसा होतो तिथे.

पुढचं काम मला जास्त आवडतं. आकार कळला, आता सापळा सुटू नये म्हणून काय करायचं? प्रथिनातल्या दोन जागा गंधकाच्या टाक्याने जोडल्या आणि आत जिथे पोकळी होती तिथे जाडजूड अमिनो आम्लांची (प्रथिनाच्या साखळीतले मणी) पाचर ठोकली. त्या प्रथिनाचं नावच 'डीएस-कॅव्ह१' : डीएस म्हणजे टाका, कॅव्ह म्हणजे पोकळी. सुतारकाम आहे हो हे. उंदरांत आणि माकडांत प्रतिपिंडं भरभरून आली, आणि तीही अडवणारी. नोव्हेंबर २०१३. मॅक्लेलन तेव्हा बत्तीस वर्षांचा, नुकताच अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात प्राध्यापक झालेला. दाजींच्या पस्तिशीच्या आत!

दवाखाना_सकाळचा

पुढचं मी जोडतो. मे २०२३ मध्ये साठीपुढच्यांसाठी आरएसव्हीच्या दोन लशींना अमेरिकेत मान्यता मिळाली, दोन्ही ताणलेल्या एफच्या. ऑगस्टमध्ये त्यातलीच एक गर्भवतींना द्यायला, म्हणजे बाळ प्रतिपिंडं घेऊनच जन्माला येतं. आणि त्याच डी-२५ पासून घडवलेलं निर्सेविमॅब, नवजात बाळाला एक टोचलं की हंगामभराची सोय. १९६६ ते २०२३ मोजा. सत्तावन्न वर्षं.

सांगलीचा_मामा

वाचतोय. सापळ्याचं समजलं, अगदी नीट समजलं. पण ही अमेरिकेतली मोठी माणसं. आणि हे फळ दहा वर्षांनी आलं. मधल्या काळात हा मॅक्लेलन काय करत होता? (दाजी हेच विचारणार.)

क्रायो_बंड्या

मामा, मधल्या काळात तो परत नकार घेत होता.

२०१२ मध्ये मर्स नावाचा जीवघेणा कोरोना विषाणू आला, सौदीत. ग्रॅहम-मॅक्लेलन जोडी म्हणाली, एफला केलं ते कोरोनाच्या स्पाइकला, म्हणजे त्याच्या अंगावरच्या काट्यासारख्या प्रथिनाला करू, तोही तसाच सापळा. पण मर्सचा स्पाइक वळेचना. तेवढ्यात ग्रॅहमच्या लॅबमधला एक जण मक्केहून आजारी होऊन आला. सगळे घाबरले, मर्स तर नाही? निघाला एचकेयू१, साधी सर्दी करणारा कोरोना. म्हटलं, हाच घेऊ. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेतल्या अँड्र्यू वॉर्डच्या गटाबरोबर त्याची रचना क्रायो-ईएमने काढली, २०१६ मध्ये छापली.

क्रायो-ईएम म्हणजे माझा धंदा. इथे स्फटिक लागत नाही. तांब्याची ३ मिलिमीटरची जाळी, चिमट्यात धरायची, प्रथिनाचा थेंब टाकायचा, टिपकागदाने टिपायचा आणि क्षणात द्रव इथेनमध्ये बुडवायची. बर्फ जाड झाला तर काही दिसत नाही, पातळ झाला तर प्रथिन पळून जातं. दिवसाला वीस जाळ्या करतो, त्यातल्या दोन कामाच्या निघाल्या तर मी खूश. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लाखो कणांचे अंधुक फोटो आणि कॉम्प्युटरवर त्यांची बेरीज. या पद्धतीला २०१७ चं नोबेल मिळालं.

तर मॅक्लेलनकडचा पोस्टडॉक नियानशुआंग वांग, त्याने मर्सच्या स्पाइकमध्ये एकेक बदल करून पाहिले. शेवटी कळलं, बिजागरीच्या जागी लागोपाठ दोन प्रोलीन (एक अमिनो आम्ल) घातली की सापळा सुटत नाही. लेख लिहिला. एकाहून जास्त नियतकालिकांनी परत पाठवला. २०१७ मध्ये एकदाचा छापला गेला आणि फारसं कोणी बघितलंही नाही.

जानेवारी २०२०. मॅक्लेलन युटामध्ये स्कीइंगला गेलेला, दुकानात बूट पायाच्या मापाचे करून घेत होता. ग्रॅहमचा फोन : वुहानमधला विषाणू कोरोना दिसतोय. १० जानेवारीच्या सुमारास जनुकीय क्रम जाहीर झाला. ९८६ आणि ९८७ या जागी प्रोलीन घालायची हे आधीच माहीत! १९ फेब्रुवारीला स्पाइकची रचना छापून आली. सहा आठवडेही नाहीत. फायझर, मॉडर्ना, जॉन्सन, नोव्हावॅक्स, सगळ्यांच्या लशीत ती दोन प्रोलीन आहेत.

चौकातला_आप्पा

म्हणजे आपण घेतली त्या कोविशील्डमध्ये पण?

क्रायो_बंड्या

नाही आप्पा. कोविशील्डमधला स्पाइक मूळचाच, न बदललेला. कोव्हॅक्सिन म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत (एनआयव्ही) वेगळा काढलेला अख्खा विषाणू, मारून. पण पुण्याच्याच सीरमची कोवोव्हॅक्स घेतली असेल कोणी, तर त्यात आहेत. ती नोव्हावॅक्सचीच.

आणि तुमच्या एआयचं. अल्फाफोल्ड म्हणजेच तो आकार काढणारा एआय, भन्नाट आहे, मी रोज वापरतो. पण तो शिकला कशावरून? प्रोटीन डेटा बँकेवरून, म्हणजे प्रथिनांच्या निघालेल्या रचनांच्या जागतिक साठ्यावरून. १९७१ मध्ये सात रचनांवर सुरू झाली, आता दोन लाखांच्या वर आहेत. त्यातली प्रत्येक लूपवालीसारख्या कोणाच्या तरी रात्री खाऊन आलेली. आणि तो बहुतेक वेळा एकच आकार देतो. सापळा ताणलेला की सुटलेला, कोणता खरा, मधल्या वाटेत काय होतं, औषध बसल्यावर कुठे हलतं, हे अजून हाताने बघावं लागतं. कामाची पद्धत बदलली हे कबूल. भाचीने पायथन शिकून घ्यावं, नुसतं पिपेटवर भागायचं नाही.

निवृत्त_मास्तर

त्या दोन प्रोलीनवरून आठवलं म्हणून लिहितो. प्रोलीनच का? बाकीच्या अमिनो आम्लांची साखळी दोन जागी फिरू शकते. प्रोलीनचं शेपूट मात्र वळून साखळीलाच जोडलेलं, त्यामुळे ते एका जागी फिरतच नाही. दाराच्या बिजागरीत खुंटी मारावी तसं. साखळी कुठे किती फिरू शकते याचा नकाशा १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी काढला. आजही जगातल्या कुठल्याही लॅबमध्ये प्रथिनाची रचना निघाली की आधी रामचंद्रन प्लॉटवर तपासतात. मॅक्लेलनच्यासुद्धा.

दुसरं. दाजींना पस्तिशीची चिंता आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी इन्शुलिनच्या स्फटिकाचा पहिला क्ष-किरण फोटो काढला त्याची नोंद १९३५ मध्ये छापली, आणि रचना १९६९ मध्ये. चौतीस वर्षं! त्या शेवटच्या टप्प्यात त्यांच्या ऑक्सफर्डच्या चमूत एम. विजयन होते. ते नंतर बंगळूरला आयआयएस्सीत (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) आले, आपल्याकडे प्रथिनांचं स्फटिकशास्त्र उभं केलं आणि उत्तरार्धात भाचीचाच विषय धरला, क्षयाच्या जिवाणूची प्रथिनं. २०२२ मध्ये गेले. देशातल्या या विषयातल्या निम्म्या लोकांची वंशावळ काढली तर त्यांच्याशी पोचेल. (निम्म्या हे माझं मास्तरी गणित, मोजलेलं नाही.)

लूपवाली

मास्तर, मी पण त्याच वंशावळीतली, नातसून म्हणा.

मामा, पोटाचं राहिलं. सरळ सांगते. पीएचडी पाच ते सहा वर्षं. मला साडेसहा लागली, त्यातले पाच महिने एका खोक्यामुळे. गोठवलेले स्फटिक नायट्रोजन मुरवलेल्या पिंपात घालून परदेशी सिंक्रोट्रॉनला पाठवले होते. आठवडाभर थंड राहतं ते. कुठल्या विमानतळावर ते सांगत नाही, पण 'हे द्रव आहे की यंत्र' यावर कागद बारा दिवस फिरले. पोचलं तेव्हा पिंप खोलीइतकं गरम. पुन्हा सगळं पहिल्यापासून.

नंतर पोस्टडॉक, बहुतेकदा बाहेर, दोन ते पाच वर्षं. कायम प्राध्यापकी थोड्यांनाच मिळते, ती धरून हिशोब मांडू नका. माझ्या बॅचच्या सातांपैकी एक प्राध्यापक, दोघं औषध कंपन्यांत रेणू घडवण्याच्या विभागात (पगार आमच्यापेक्षा चांगला), एक पेटंट ऑफिसमध्ये, एक शाळेत शिकवते आणि खूश आहे, एकाने बायकोच्या गावी नर्सरी काढली, आणि एक मी, बंगळूरला क्रायो-ईएमची सोय सांभाळते. उपाशी कोणी नाही. श्रीमंतही नाही.

आणि तारापूरची नोकरी वाईट नाहीये हां. मात्र भाचीला एकदा विचारा, रोज सकाळी नव्वद थेंब 'स्वच्छ, गाळ, गाळ' बघून ती एक्क्याण्णवावा बघेल का. तिला ते कंटाळवाणं वाटत असेल तर तारापूर बरं.

सांगलीचा_मामा

रविवार झाला. वृत्तांत देतो.

जेवण : पुरणपोळी, कटाची आमटी. दाजींना आधी मिठाचा खडा सांगितला, लूपवालीताईंनी बजावल्याप्रमाणे. दाजी हसले, म्हणाले, "बघ, मी सांगत होतो." मग उंदराचा सापळा सांगितला. त्यांच्या माडीवर खराखुरा सापळा होता, तो आणून मी टेबलावर ताणून दाखवला, ताईने पुरणाच्या ताटाजवळ आणला म्हणून शिव्या घातल्या. दाजी काही बोलले नाहीत. १९६६ ची बाळं सांगितली तेव्हा मात्र जेवायचे थांबले. आमच्या ताईचं पहिलं बाळ दोन महिन्यांचं असताना असंच श्वास ओढत गेलं होतं, १९९६ मध्ये. कशाने ते कोणी तपासलं नव्हतं. घरात आम्ही ते बोलत नाही, माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं बोलताना.

भाचीला तुमचा नव्वद थेंबांचा प्रश्न विचारला. तिने फोन काढून एमएस्सीच्या प्रोजेक्टमधले फोटो दाखवले, तीनशे तरी असतील, सगळे थेंब, सगळ्यांत गाळ. प्रत्येकाला तारीख आणि खळीचा नंबर घातलेला.

निर्णय अजून झालेला नाही. तारापूरला उत्तर द्यायला पंधरा दिवस आहेत. पण मी निघताना दाजींनी मला दारात विचारलं, ते तुम्हालाच विचारतो. मीठ आहे की प्रथिन, हे इंदूरला जायच्या आधी घरी कळत नाही का?

लूपवाली

कळतं की. तेव्हा मला धीर झाला नाही, एकच स्फटिक होता म्हणून. बारीक सुईने स्फटिकाला टोचायचं. मीठ असेल तर कट्कन तुकडे उडतात, कधीकधी आवाजही जाणवतो. प्रथिनाच्या स्फटिकात जवळपास निम्मं पाणीच असतं, त्यामुळे तो आवाज न करता सुईखाली चुरा होतो, ओल्या खव्यासारखा.

दाजींना सांगा, टोचल्यावर तो स्फटिक गेला, म्हणून आधी दोन वाढवायचे.